तांदळाचे वाण आणि तांदळाचा दर्जा

‘चांगला तांदूळ कोणता?’ हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. परंतु तो कोणाला विचारला, ह्यावर त्याचे उत्तर अवलंबून असते. पुण्यातील गृहिणी आंबेमोहराचे नाव घेईल. वाड्याचा शेतकरी आपला झिनी कोलम पुढे करील. सिंधुदुर्गातील वृद्ध गृहस्थ लाल उकड्या तांदळाच्या पेजेपुढे दुसरे काही मानणार नाहीत. गोंदियाचा गिरणीमालक क्विंटलभर धानातून अखंड तांदूळ किती निघतो, एवढेच पाहील. आणि सरकारी खरेदी केंद्रावर दाण्याचे माप, ओलावा व काडीकचरा तपासला जाईल. ही सारी उत्तरे भिन्न असली, तरी प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर आहे.

महाराष्ट्रात सुमारे १५ लाख हेक्टर क्षेत्रावर भाताचे पीक घेतले जाते. कोकणपट्टी, सह्याद्रीच्या पूर्वेकडील मावळ भाग, कोल्हापूरचा डोंगराळ प्रदेश आणि पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे ही या पिकाची प्रमुख क्षेत्रे होत. ह्या क्षेत्रांची भाषाही निरनिराळी आहे. कोकणात शेतातले पीक आणि ताटातले अन्न ह्या दोहोंना ‘भात’ म्हणतात, तर विदर्भात शेतातील पीक ‘धान’ असते. कोकणातील लावणी ती तिकडची रोवणी. जमीन, पाऊस आणि स्वयंपाकाची रीत ह्यांत फरक असल्यामुळे प्रत्येक भागाने आपले वाण वेगळे निवडले आणि पिढ्यान्‌पिढ्या जपले. तांदळाचा दर्जा म्हणजे एकाखाली एक अशा पायऱ्यांची शिडी नव्हे. तो वाणात असतो. वाण बियाण्यात टिकतो. आणि बियाणे शुद्ध राहिले, तरच त्याच्या नावाला बाजारात काही अर्थ उरतो. हा संबंध समजून घेणे गावाच्या अर्थव्यवहाराच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

दाण्याचे माप

दर्जाची पहिली कसोटी डोळ्यांची. आपल्या देशात तांदळाच्या दाण्याचे लांबी व रुंदी ह्यांवरून पाच वर्ग मानले जातात : लांब-बारीक, आखूड-बारीक, मध्यम-बारीक, लांब-जाड आणि आखूड-जाड. दाणा ६ मिलिमीटर वा त्याहून अधिक लांब आणि रुंदीच्या तिपटीहून कमी नसेल, तर तो लांब-बारीक. बासमती ह्या वर्गात मोडतो. लांबी ६ मिलिमीटरपेक्षा कमी आणि रुंदीच्या अडीच ते तीन पट असेल, तर तो मध्यम-बारीक. ह्याच्या उलट, आंबेमोहराचा दाणा जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा आणि काहीसा जाडसर असतो. केवळ मापावर निवाडा करावयाचा, तर आंबेमोहराला मागच्या रांगेत बसावे लागेल.

सरकारी खरेदीत ह्याहूनही साधी विभागणी असते. तेथे ‘साधारण’ आणि ‘अ’ असे दोनच दर्जे आहेत. २०२४-२५ च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २३०० रुपये, तर ‘अ’ दर्जाची २३२० रुपये होती. म्हणजे दोहोंत २० रुपयांचा फरक. सुगंध, चव आणि शिजण्याची प्रत ह्यांना ह्या मोजणीत स्थान नाही. हा व्यवस्थेचा दोष म्हणता येणार नाही, कारण भाव कोसळले तरी शेतकऱ्याच्या हाती किमान रक्कम पडावी, हा त्या किमतीचा हेतू आहे. परंतु ह्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : कमी उत्पन्न देणाऱ्या पण उत्तम प्रतीच्या वाणाचे मोल सरकारी काट्यावर मिळणार नाही. ते खुल्या बाजारातच आणि वाणाच्या नावावरच मिळू शकते.

गिरणीत काय होते?

दुसरी कसोटी भरडण्याची. १०० किलो भात भरडले असता साधारणतः २० ते २२ किलो तूस आणि ८ ते १० किलो कोंडा निघतो; तांदूळ मिळतो तो ६५ ते ७० किलो. ह्यातही अखंड दाणा किती आणि कणी किती, ह्यावर खरा भाव ठरतो. कणी अधिक पडली की शेतकरी वाणाला दोष देतो. पण बरेचदा दोष कापणीचा व वाळवणीचा असतो. पीक शेतात गरजेपेक्षा अधिक दिवस उभे राहिले, दिवसा ऊन आणि रात्री दव असे आलटून पालटून बसले, किंवा ओले भात एकदम कडक उन्हात पातळ पसरले, तर दाण्याला आतून सूक्ष्म चिरा जातात. वरून तूस असल्यामुळे त्या दिसत नाहीत. गिरणीत मात्र दाणा मोडतो. वेळेवर कापणी आणि सावकाश, वरखाली करीत केलेली वाळवण हा ह्यावरील बिनखर्चाचा उपाय होय.

उकडा तांदूळ हा ह्याच प्रश्नावर आपल्या पूर्वजांनी शोधलेला तोडगा म्हणावा लागेल. भात तुसासह भिजवून, वाफवून मग वाळवले असता दाण्यातील पिठूळ भाग घट्ट सांधला जातो व भरडताना तो कमी मोडतो. त्याचबरोबर कोंड्याच्या थरातील ‘ब’ जीवनसत्त्वाचा काही अंश दाण्याच्या आत उतरतो. हे जीवनसत्त्व किती मोलाचे आहे, ते जावा बेटावर कळून आले. पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग जडतो आणि कोंडा असलेला तांदूळ दिल्यास त्या बऱ्या होतात, असे डच वैद्यक ख्रिस्तिआन आइकमान यांना १८९० नंतरच्या दशकात तेथे आढळले. ह्या कार्याबद्दल त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कोकणातील लाल तांदळाचा तांबूस रंगही दाण्याच्या गाभ्याला नसून वरच्या पापुद्र्याला असतो. तो तांदूळ पांढरा होईपर्यंत सडणे म्हणजे ज्यासाठी तो घ्यावयाचा, तेच कोंड्यात टाकून देणे होय.

मोकळा भात आणि आसट भात

एक तांदूळ शिजून मोकळा का होतो आणि दुसरा चिकट का राहतो, ह्याचे उत्तर दाण्यातील पिष्टात आहे. पिष्टाचे दोन घटक असतात : ॲमायलोज आणि ॲमायलोपेक्टिन. ॲमायलोजचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक असेल, तर भात मोकळा शिजतो, पण गार झाल्यावर टणक होतो. ते २० ते २५ टक्के असेल, तर भात मऊ आणि मोकळा राहतो. २० टक्क्यांच्या खाली दाणे एकमेकांस धरू लागतात. पूर्वोत्तर भारतातील काही चिकट तांदळांत ॲमायलोज जवळजवळ नसतेच.

तांदळाचे वयही येथे महत्त्वाचे आहे. नवा तांदूळ चिकट शिजतो. तोच काही महिने ठेवला की पाणी अधिक घेतो, फुगतो आणि सुटा राहतो. म्हणूनच घरोघरी ‘जुना’ तांदूळ मागितला जातो. परंतु सर्वच पदार्थांना मोकळा भात नको असतो. लहान मुलाचा व आजाऱ्याचा आसट भात, वरणभात किंवा पेज ह्यांसाठी आंबेमोहराचा मऊपणाच हवा. मसालेभाताला कोलमाचा सुटेपणा हवा. आंबोळी-घावनाला जाड तांदूळ पुरतो. तेथे महाग तांदूळ वापरणे हा अपव्यय ठरेल. तांदूळ हलका की भारी, हे कामावरून ठरते, असे आपली स्वयंपाकघरे फार पूर्वीपासून जाणतात.

सुगंध कोठून येतो?

आंबेमोहर म्हणजे आंब्याच्या मोहराच्या वासाचा. सुगंधी तांदळाच्या वासाला मुख्यतः कारणीभूत असलेले द्रव्य १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी शास्त्रज्ञांनी ओळखले. कोकणात काही परसांतून लावलेल्या व भातात टाकल्या जाणाऱ्या ‘बासमती पाना’तही हेच द्रव्य असते. ते अतिशय उडून जाणारे असल्याने तांदूळ उघडा ठेवला, फार तापवला वा दीर्घकाळ साठवला की वास मंदावतो. दाणा भरण्याच्या काळात हवा थंड असेल, तर सुगंध चांगला उतरतो. म्हणून मावळातील आंबेमोहर आणि आजऱ्याचा घनसाळ ह्यांचा वास त्यांच्या डोंगराळ मुलखाशी बांधलेला आहे. तेच बियाणे दुसरीकडे उगवेल, वाढेलही. पण तोच वास देईल ह्याची खात्री नाही.

जमीन तसा वाण

शेतकऱ्याच्या दृष्टीने दर्जाची आणखी एक कसोटी आहे, ती म्हणजे शेताला वाण मानवणे. भाताच्या वाणांचे मुदतीनुसार हळवे, निमगरवे आणि गरवे असे तीन प्रकार होतात. हळवे वाण साधारण ११५ ते १२० दिवसांत, निमगरवे १३५ दिवसांपर्यंत आणि गरवे त्याहून उशिरा तयार होतात. उंचावरील, पाणी न धरणाऱ्या खाचरात गरवा वाण लावला, तर परतीचा पाऊस कमी पडताच लोंब्या पळींजतात. सखल, पाणथळ जमिनीत हळवा लावला, तर तो भर पावसात कापणीस येतो. एकाच शेतकऱ्याकडे तीन उंचीची खाचरे असतील, तर त्याला तीन प्रकारचे बियाणे लागते. गावात अनेक वाण असणे ही हौस नव्हती. ती पावसाच्या लहरीपासून केलेली तजवीज होती.

खाऱ्या जमिनींचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. ठाणे-रायगडच्या खाडीकाठच्या खारजमिनीत जेथे इतर भात पिवळे पडून जाते, तेथे ‘राता’ जातीची लाल भाते तग धरून असत. त्यांतूनच काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० ही निवड झाली आणि पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने क्षारांना दाद न देणारे ‘पनवेल’ मालिकेतील वाण काढले. गोव्याच्या खाजण जमिनीत हेच काम ‘कोरगुट’ करते. शहरातील ग्राहक ह्या तांदळाला जाडाभरडा म्हणेल. पण बांध फुटून खाडीचे पाणी आत आलेल्या वर्षी घरात दाणा आला, तर तो ह्याच भाताचा येतो.

संशोधन केंद्र आणि शेतकऱ्याची नजर

कर्जत येथे भात संशोधनाचे काम १९१९ मध्ये सुरू झाले. आरंभीचा मार्ग निवडीचा होता. स्थानिक वाणांतून उत्तम रोपे हेरून कोलंबा ४२, झिनिया ३१, आंबेमोहर १५७ ह्यांसारखी निवड पुढे आली. १९६६ मध्ये फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘आयआर ८’ हा बुटका वाण प्रसारित केला आणि चित्र पालटले. उंच देशी वाण खत दिले की लोळत. हा वाण ताठ उभा राहून भरघोस उत्पन्न देई. मात्र त्याचा दाणा जाड व पोटात पांढरा होता आणि भात गार होताच कडक होई. पोट भरले, पण जीभ राजी झाली नाही. उत्पन्न आणि चव ह्यांची सांगड घालणे, हे नंतरच्या पिढीतील संशोधकांचे काम ठरले. आयआर ८ चाच वारसा असलेला, पण बारीक दाण्याचा ‘रत्ना’ १९७० मध्ये आला. वडगाव मावळ येथे आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ ह्यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ निघाला व तो १९८७ मध्ये प्रसारित झाला. मावळातून वाहणाऱ्या नदीचे नाव घेतलेला हा वाण आंबेमोहराचा सुगंध व मऊपणा बऱ्याच अंशी राखतो आणि उत्पन्नही अधिक देतो.

वाण केवळ प्रयोगशाळेतच घडतो, असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे लहानसे गाव आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. शालेय शिक्षण तिसरीपर्यंतच झालेल्या ह्या माणसाने त्या लोंब्या खुडून वेगळ्या जपल्या, पुढील हंगामात स्वतंत्र पेरल्या आणि वर्षामागून वर्षे निवड करीत बारीक दाण्याचा, चवदार असा एक वाण सिद्ध केला. त्या काळी घरोघरी माहीत असलेल्या घड्याळाच्या नावावरून तो ‘एचएमटी’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि राज्याबाहेरही पसरला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यातून निवड केलेला ‘पीकेव्ही एचएमटी’ १९९८ मध्ये आला. खोब्रागडे यांचा २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. लाखो ताटांत पोहोचलेल्या ह्या तांदळाने त्यांना मात्र सुस्थिती दिली नाही. नाव घड्याळाचे झाले. घडविणाऱ्याचे राहिले नाही. वाणाची वेळीच नोंद होणे किती अगत्याचे आहे, ह्याचा ह्यापेक्षा मोठा धडा कोणता असणार?

नाव राहते, बियाणे जाते

आज आपल्या सुगंधी वाणांपुढील संकट ह्याच स्वरूपाचे आहे. अस्सल आंबेमोहर उंच वाढतो, लोळतो, उशिरा तयार होतो आणि उत्पन्न कमी देतो. तो लावणारा शेतकरी वाढीव भावाच्या आशेवर असतो. पण दिसायला तसाच असलेला, बाहेरून आलेला स्वस्त तांदूळ त्याच नावाने विकला जाऊ लागला की ही आशा संपते. शेतकरी वाण सोडतो, क्षेत्र घटते, माल कमी पडतो, आणि बनावट मालाला आणखी वाव मिळतो. काही वर्षांनी ग्राहकाला खरा वासच आठवत नाही. त्यानंतर फसवणूक उघडकीस आणणारे कोणी उरत नाही.

भौगोलिक उपदर्शन नोंदणी हा ह्यावरील एक कायदेशीर उपाय होय. आंबेमोहर आणि आजरा घनसाळ ह्यांना ती २०१६ मध्ये मिळाली, तर पालघर जिल्ह्यातील वाडा कोलमाला २०२१ मध्ये. अशी नोंदणी एका व्यक्तीची मालमत्ता नसून त्या भूभागातील उत्पादकांचा सामाईक हक्क असतो. मात्र प्रमाणपत्र चौकटीत लावून भाव वाढत नाही. नावाखाली दिला जाणारा दाणा खरोखर त्याच वाणाचा असेल, तरच त्या नावाचे रक्षण होते.

भात हे स्वपरागित पीक आहे. त्यामुळे शुद्ध बियाणे घरच्या घरी वर्षानुवर्षे राखता येते. संकरित वाणांचे बियाणे मात्र दरवर्षी नवे घ्यावे लागते. घरचे बियाणे बिघडते ते बहुतेक वेळा माणसाच्या हातून : रोपवाटिकेत, खळ्यावर किंवा पोत्यात दोन वाण मिसळल्यामुळे. बीजोत्पादनासाठी दोन वाणांत ३ मीटर अंतर पुरेसे मानले जाते. शेताचा मधला, उत्तम भाग बियाण्यासाठी राखावा. फुटवे येताना, फुलोऱ्यात आणि पक्वतेच्या वेळी, असे तीनदा त्यातील भेसळ रोपे उपटून टाकावीत. त्याची झोडणी सर्वांत आधी, स्वच्छ खळ्यावर करावी आणि पोत्यावर वाणाचे नाव व वर्ष लिहावे. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतावे. तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत. तळाशी बसलेले बियाणे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन २४ तास सावलीत वाळवावे. ह्या प्रक्रियेने हलके व रोगट दाणे दूर होतात. तथापि एकदा मिसळलेला वाण मिठाच्या पाण्याने वेगळा होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

गावाचे काम, शाळेचे काम

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आहे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. ह्या वहीत ‘भात’ असा एकच शब्द लिहून काम भागत नाही. वाणाचे स्थानिक नाव, तो कोणत्या जमिनीत येतो, किती दिवस घेतो, दाण्याचा रंग व वास कसा, कोणत्या पदार्थाला वापरतात आणि बियाणे आज कोणाकडे आहे, एवढी माहिती नोंदली पाहिजे. ती वृद्ध शेतकऱ्यांकडे आणि विशेषतः स्त्रियांकडे असते. कारण बियाण्याची कणगी आणि चुलीवरचे भांडे ही दोन्ही त्यांच्याच देखरेखीखाली असतात. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ मध्ये शेतकऱ्यांनी जोपासलेल्या वाणांच्या नोंदणीचीही तरतूद आहे. ग्रामपंचायत अधिकारी आणि सहाय्यक कृषी अधिकारी यांनी ह्या कामी पुढाकार घेतल्यास अर्ज भरणे अवघड नाही.

शिक्षक बंधु-भगिनींना एक सुलभ प्रयोग सुचवावासा वाटतो. विद्यार्थ्यांनी घरून मूठ-मूठ तांदूळ नावासह आणावा. दहा दाणे एकापुढे एक लावून पट्टीने लांबी मोजावी, शेजारी शेजारी लावून रुंदी मोजावी आणि भागाकार करून वर्ग ठरवावा. झाकणाच्या पेल्यात गरम पाणी घालून चिमूटभर तांदूळ दहा मिनिटे ठेवावा व वास घ्यावा. शिजल्यावर दाणा किती लांबला, तेही पाहावे. गणित, विज्ञान आणि भूगोल हे तिन्ही विषय ह्या एका मुठीत सामावतात. एकाच नावाचे दोन तांदूळ निराळे निघाले, तर मुलांना खरा प्रश्न तेथेच सापडेल.

गावातील एखादा वाण नाहीसा होतो, तेव्हा कोणतीही दवंडी पिटली जात नाही. एका वर्षी कोणीतरी बियाणे ठेवत नाही, एवढेच घडते. म्हणून येत्या कापणीपूर्वी प्रत्येक भातपिकाच्या गावाने निदान एवढे तरी विचारावे : आपल्या शिवारात कोणकोणते वाण उभे आहेत आणि त्यांचे शुद्ध बियाणे पुढच्या मृगासाठी कोणाच्या कणगीत राहणार आहे? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या गावाजवळ असेल, त्याच्या तांदळाचा दर्जा त्याच्याच हाती राहील.